दोन्ही स्टिक चांगल्या होत्या, करुणा

करुणा, राईस मिलचं ते कॉम्प्युटरचं मशीन मी देऊन आले. आता ते अडकत नाही. वजनकाट्याच्या त्या टिनाच्या खोलीत, भर दुपारी, बाहेर उन्हाळी धानाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असतानाही अडकत नाही. दुकानात येऊन मी सवयीने "झालं बाई एकदाचं" म्हणत तुझ्या स्टुलाकडे वळले, तर त्यावर कोणीतरी आपला बिघडलेला कीबोर्ड ठेवला होता. मी त्या माणसावर एवढी ओरडले की तो दाराशी जाऊन उभा राहिला. "जागा रिकामी दिसली म्हून ठेवला, बाई," म्हणाला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. जागा रिकामीच आहे.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात माणसं मावत नव्हती. भाषणं झाली. हसतमुख, जिद्दी, आजाराशी झुंज देणारी, प्रेरणा देणारी, असं सगळे बोलले. मी मागे बसून ऐकत होते आणि मला तुझाच आवाज ऐकू येत होता, "झुंज कायची वं? मी तं रॅम इकत होती." एकानेही सांगितलं नाही की तू भांडकुदळ होतीस. गिऱ्हाइकाने स्वतः मशीन खोलून पाहिलेलं कळलं की त्याला उभं करून झापायचीस, आणि चहा गार आला तर टपरीवर परत पाठवायचीस. उठून हे सांगावं असं मला फार वाटलं. मग तुझ्या आईकडे पाहिलं आणि बसून राहिले. म्हणून आता इथे लिहितेय.

आपण कॉलेजात कॉम्प्युटरच्या कोर्सला भेटलो तेव्हा तू मला मुळीच आवडली नव्हतीस. सुरुवातीला चार दिवस आलीस, मग गायब झालीस, आणि परीक्षेच्या तोंडावर उगवून माझ्याच शेजारी बसलीस. "काय काय शिकवलं?" असं अगदी हक्काने विचारलंस. मी म्हटलं, "इतके दिवस कुठी होती?" तर म्हणालीस, "दवाखान्यात. पंख्याखाली. लय मजा होती." मला वाटलं थट्टा करतेस. आणि परीक्षेत माझ्यापेक्षा जास्त मार्क घेतलेस, त्याचा राग मला अजून आहे.

मग ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे आपण गाळा घेतला. माझं नाव प्रज्ञा, तुझं करुणा. विहारातले जुने लोक मुद्दाम आत येऊन विचारायचे, "प्रज्ञा आहे, करुणा आहे, मंग शील कुठी आहे?" तू मान वर न करता सांगायचीस, "ते गिऱ्हाइकानं घरून आणाचं असते, काका." नवीन माणूस दारातून डोकावून "भाऊ नाईत काय दुकानात?" असं म्हणाला की तुझं उत्तर ठरलेलं. "भाऊ अजून जन्मले नाईत. काम काय ते सांगा." मी हसू दाबायला टेबलाखाली वाकायची आणि काहीतरी पडल्याचं सोंग करायची.

रॅम हे तुझं खास खातं. मशीन काम करत असताना हाताशी लागणारं सगळं ज्या पट्टीवर मांडून ठेवतं, ती रॅम. आपण तिला स्टिक म्हणायचो. ती बिघडली की मशीन कधी निळा पडदा दाखवतं, कधी आपोआप बंद पडून पुन्हा चालू होतं, कधी धडधाकट फाइलची वाट लावतं, आणि लोक मात्र व्हायरसला आणि लाइटीला शिव्या घालत बसतात. मीही त्यातलीच. "नवीन विंडोज टाकून देऊ आणि मोकळं होऊ," म्हणायची. तू ऐकायची नाहीस. आधी स्टिक काढून तिच्या कडेचे धातूचे पिवळे दात खोडरबरने घासायचीस, कारण आपल्याकडे निम्मी मशीनं नुसत्या कोंड्याने आणि मुंग्यांनी बिघडतात. मग एकच स्टिक एकाच खाचेत, मग तीच दुसऱ्या खाचेत, मग दुसरी स्टिक. दोन गोष्टी एकदम बदलल्या की नेमकं काय बरं झालं ते कळत नाही, हे तू मला इतक्या वेळा ऐकवलंस की घरी भाजी बिघडली तरी मी एका वेळी एकच मसाला बदलून बघते. शेवटी तपासणीचा प्रोग्राम लावून पूर्ण फेरी होऊ द्यायचीस. मी अर्ध्यातच म्हणायची, "काही निघत नाही, देऊन टाक." तू म्हणायचीस, "निंघत नाई का तू पाहत नाई?"

विकतानाही तसंच. कॉलेजातला एक मुलगा आला होता, त्याला रंगीत दिवे लागणारी रॅम हवी होती. तू विचारलंस, कोणतं काम करतोस, आत आधीची कोणती स्टिक आहे, खोलीत पंखा आहे का. किती जीबी, हे तू सगळ्यांना शेवटी विचारायचीस. त्याचं बोर्ड त्या वेगाला पुरणारं नव्हतं, आणि जुन्या स्टिकशी ती जुळणारी नव्हती. "जोडी लावाची तं एका पाकिटातली लाव," म्हणालीस, "अन् दिवे दिवाळीले लाव." गिऱ्हाईक गेलं. मी दिवसभर फुगून बसले होते. पुढच्या आठवड्यात तो साधी जोडी घ्यायला आलाच, पण तोवर तू मला टोमणे मारायला मोकळी झाली होतीस.

खराब स्टिक चुकून पुन्हा कुणाच्या मशीनमध्ये जाऊ नये म्हणून तू तिच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचीस. आणि जी एका मशीनमध्ये चालते पण दुसऱ्यात कुरकुरते, तिला पिवळा. ते हळदीसारखं पिवळं नेलपॉलिश आपण दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत एका हातगाडीवरून घेतलं होतं. गाडीवाली म्हणाली होती, हा रंग कोणीच घेत नाही, पोरी. तू म्हणालीस, "आमच्या घरचा रंग आहे."

त्या रंगांचा अर्थ फक्त आपल्या दोघींना माहीत होता. सिकलसेलचं लाल कार्ड तुझ्याजवळ लहानपणापासून होतं. माझं पिवळं कार्ड कॉलेजच्या तपासणीत निघालं. आपल्या भागात हे कार्ड कुणाला सांगावं लागत नाही, पण मोठ्याने कुणी विचारतही नाही. रक्तातली ही खोट एक आईकडून येते, एक बापाकडून. एकच आली तर कार्ड पिवळं, माणूस आयुष्यभर धडधाकट जगतो, फक्त ती पुढे देऊ शकतो. दोन्हीकडून आली तर लाल, मग रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि हाडं फुटतील असं दुखतं. हे सगळं मला तेव्हा कळत नव्हतं. पिवळं कार्ड पाहून मी जिन्यात बसून रडत होते. तू शेजारी येऊन बसलीस आणि म्हणालीस, "तुही एक स्टिक खराब आहे, मशीन चालते. रडून काऊन राह्यली? माह्या दोन्ही खराब आहेत, तरी पाह्य, रोज बूट होते मी." मी रडता रडता हसले. त्या दिवसापासून तू माझी झालीस, हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. आता म्हणतेय.

तुझं दुखणं यायचं तेव्हा तू गप्प व्हायचीस. एरवी तोंड बंद नसायचं, आणि एकाएकी दुकानात तुझा आवाज थांबायचा. मी वळून पाहायची तर तू दोन्ही हातांनी टेबलाची कड धरलेली. "बोलू नोको, फक्त पाणी दे." पाणी हेच तुझं अर्धं औषध होतं, आणि त्याचीच तुला आठवण नसायची. तुझी हिरवी बाटली मी सकाळी भरायची आणि दुपारी तेवढीच भरलेली असायची. त्यावरून आपण रोज भांडलो. मिळालेल्या वर्षांतला किती वेळ आपण त्या बाटलीवर घालवला! आणि आज ते भांडण पुन्हा मिळावं म्हणून मी काहीही द्यायला तयार आहे.

मग मिलिंदचं स्थळ आलं. अहेरीच्या एका आश्रमशाळेत गणित शिकवतो, कमी बोलतो, ऐकून घेतो. तिशी उलटलेल्या मुलीला एवढं पुष्कळ असतं, असं माझी आई म्हणाली. माझं म्हणणं वेगळं होतं, मला तो खरोखर आवडला. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा तुझ्या हातातला स्क्रू खाली पडला, तर तो गुडघ्यावर बसून फरशीवर शोधत राहिला आणि सापडेपर्यंत उठला नाही. तुलाही तो आवडला. तो बस पकडायला गेल्या गेल्या तू एकच विचारलंस, "रंग कोणता?"

मी विचारलं नव्हतं. याआधी दोन घरं माझं पिवळं ऐकून मागे फिरली होती, आणि ती त्यांची चूकही नव्हती. मिलिंदने माझा रंग ऐकला होता आणि मान हलवून विषय बदलला होता. त्याची स्वतःची तपासणी कधी झाली होती का, तेही मला माहीत नव्हतं. आता त्याला तपासून घे म्हणायचं म्हणजे सगळं पुन्हा मोडण्याच्या काठावर नेऊन ठेवायचं. "विचारते," म्हणत मी दिवस काढत होते. तू सोडणारी नव्हतीस. "साधी रॅम लावाच्या आधी दहादा तपासतो आपण, अन् इथी मुहूर्त पाहून राह्यली?"

त्या दिवशी माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुझ्या आई-बाबांनी तपासलं असतं ना, तर तू नसतीस." मला वाटलं, आता हिला उत्तर सुचणार नाही. तू हातातली स्टिक खाली ठेवलीस आणि अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "नसती तं नसती. मले दुखलं नसतं."

मी शटर अर्धं ओढून घरी निघून गेले. नंतरचे कितीतरी दिवस आपण फक्त कामाचं बोललो. स्क्रू दे, केबल दे, हे कोणाचं मशीन. मला तुझा राग आला होता, करुणा. तू स्वतःला इतक्या सहज वजा कशी करू शकलीस? मी कोणत्या हिशोबात बसत होते? तुझं दुखणं मी पाहत होते, पण ते तुझ्या हाडात होतं आणि मी बाहेर होते, हे मला तेव्हा मान्य करायचं नव्हतं.

तशातच मिलचं मशीन आलं. दुपारी वजन करताना मध्येच गोठतं, पावती अर्धी छापून थांबतं, आणि काट्यावर ट्रॅक्टर उभाच राहतो. आत दोन स्टिक होत्या, एक मूळची, दुसरी कोणीतरी नंतर वेगळ्या कंपनीची टाकलेली. दुकानात कूलरसमोर ते दिवसभर सुरळीत चाललं. परत नेलं, दुपारी पुन्हा गोठलं. रॅमचा वेग कमी करून पाहिला, सकाळ निभावली, दुपारी तेच. तू म्हणालीस, "मशीन जिथी राह्यते तिथीच तपासाची. त्या खोलीत, त्याच उन्हात." मी म्हटलं, मी जाते. तू गाडीची किल्ली घेऊन उठलीसुद्धा होतीस. "तुले अर्ध्यात सोडून याची सवय आहे," म्हणालीस. इतक्या दिवसांनी तू मला चिडवलंस याचाच मला आनंद झाला. मी बाटली भरून तुझ्या पिशवीत टाकली, आणि तू गेलीस.

संध्याकाळी आलीस ती ओढलेल्या चेहऱ्याने. "पह्यली स्टिक एकटी चांगली चालते. उद्या दुसरी." एवढं बोलून स्टुलावर बसलीस आणि टेबलाची कड धरलीस. मी बाटली काढली. ती या वेळी रिकामी होती. तू पाणी प्यायली होतीस, सगळं. रात्री तुला दवाखान्यात भरती केल्यावर डॉक्टरांना मी पुन्हा पुन्हा विचारलं की उन्हामुळेच झालं का. ते म्हणाले, असं बोट ठेवून सांगता येत नाही, उन्हात न जाताही होतं. मी त्या रिकाम्या बाटलीला धरून बसले आहे. निदान त्या दिवशी तरी तू माझं ऐकलं होतंस.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तू जरा बरी होतीस. नाकाला नळी, हाताला सलाईन, आणि पहिला प्रश्न, "दुसरी लावली काय?" मी चिडले, तुला काही लाज आहे का म्हटलं. पण मला माहीत होतं, ते पूर्ण झाल्याशिवाय तू धड झोपणार नाहीस. तुझी आई तुझ्याजवळ थांबली आणि मी मिलमध्ये जाऊन त्या टिनाखाली दुसरी स्टिक एकटी लावून बसले. पूर्ण फेरी होऊ दिली. अर्ध्यात उठले नाही. तीही चांगली निघाली.

तुला येऊन सांगितलं, तर तू मानायला तयार नाही. "दोन्ही चांगल्या आहेत तं मशीन काऊन अडकते? एक तं खोटं बोलून राह्यली."

"कोणी खोटं बोलत नाही," मी म्हटलं. "एकेकटी लाव, दोघी चांगल्या. एकत्र लावल्या की त्यांचं जमत नाही. दोष कुणाचाच नाही, फक्त एकत्र नको."

तू उशीवरून मान वळवून माझ्याकडे बघितलंस. तुझ्या डोळ्यांत ते चमकलं, गिऱ्हाईक फसलं की चमकायचं तसं.

"मंग मिलिंदले काऊन नाई इचारत?"

मी सलाईनच्या बाटलीकडे बघू लागले. तू डोळे मिटून घेतलेस, जिंकल्यासारखे. तुला उत्तर आधीपासून माहीत होतं का गं? का खरोखर तुला वाटत होतं की एक स्टिक खोटं बोलतेय, आणि माझ्या तोंडून ते निघाल्यावर तुला सुचलं? हे मला कधीच कळणार नाही. तुला विचारायचं ठरवलं होतं, तू घरी आल्यावर. त्याच रात्री दुखणं तुझ्या छातीत उतरलं, तुला चंद्रपूरला हलवलं, आणि त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस.

रडायला मला वेळ लागला. मयतीची धावपळ, येणारे-जाणारे, तुझ्या आईला दोन घास भरवणं, यात मी दगडासारखी होते. रडू आलं ते दुकान उघडल्यावर. ड्रॉवरमध्ये तुझं लाल नेलपॉलिश दिसलं, झाकण नीट न लावल्यामुळे वाळत चाललेलं. झाकण नीट लावायचं नाही ही तुझी जुनी खोड. मी "काय गं हे" असं मोठ्याने म्हटलं आणि मग मला थांबता येईना. समोरचा टपरीवाला चहा ठेवून गेला. तो चहा गार झाला, आणि परत पाठवायला कोणी नव्हतं.

मिलिंदला मी फोनवर विचारलं. जास्त प्रस्तावना केली नाही. तो म्हणाला, "तू आधी काऊन नाई इचारलं?" मी म्हटलं, भीती वाटत होती. "मलेबी," तो म्हणाला. "म्हूनच मी आजवर तपासलं नाई." त्याने अहेरीतच रक्त दिलं.

अहवाल यायच्या आधी मी तुझ्या घरी गेले. तुझी आई सुपात तांदूळ निवडत होती. एकटीपुरते मूठभर तांदूळ, पण निवडणं मात्र अजून घरभराचं. मी तिला मिलिंदचं सगळं सांगितलं. मग जे विचारू नये ते विचारलं. "मावशी, तुम्हाले तवा माहीत असतं तं?"

तिचे हात थांबले नाहीत. "तवा माहीत असतं तं लगीनच नसतं केलं, बाई. तिचं रडणं कोणाच्या वाट्याले येऊ नये." मला वाटलं, संपलं बोलणं. थोड्या वेळाने तिने सूप बाजूला ठेवलं. "पण आता मले कोणी इचारलं, का दुसरी चांगली पोरगी देतो, तं मले नोको. मले तेच पायजे." आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदाच, असं शेजारीण नंतर म्हणाली.

मिलिंदचं पिवळं निघालं, करुणा.

तो स्वतः आला, सकाळच्या बसने, एवढा लांब. तुझ्या स्टुलावर बसला नाही, दुसरं ओढून घेतलं, हे मी पाहिलं. कार्ड टेबलावर ठेवून म्हणाला, "आजकाल पोटात असतानाच लेकराची तपासणी होते म्हणतात. आपण करून घेऊ दर वेळी." त्याने सगळी चौकशी केली होती. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती.

मी म्हटलं, "अन् लाल निघालं तर?"

त्याने कार्ड उचलून पुन्हा टेबलावर ठेवलं.

"लाल निघालं तर ती करुणा असेल, मिलिंद. मग आपण काय करायचं?"

तेव्हा मला कळलं की आपलं भांडण सुटणारं नव्हतंच. तुझ्यासारखी एक मुलगी माझ्या पोटी यावी आणि टेबलाची कड धरून गप्प व्हावी, हे मी जाणूनबुजून करू शकत नाही. तू स्वतः मला सांगितलंयस की दुखतं. आणि ती आली आहे हे कळल्यावर तिला नको म्हणायचं, ते तर माझ्याच्याने होणारच नाही. मी तुला ओळखते. तू जिन्यात माझ्या शेजारी येऊन बसली आहेस. दुसरी कोणी बाई यातून वेगळी वाट काढेल, आणि तिचंही बरोबरच असेल. माझ्याजवळ तुझी सोबत होती, म्हणून मला वाट नाही. हे मी मिलिंदला जमेल तसं सांगितलं. त्याने समजावलं नाही, वाद घातला नाही. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला. मीही त्याच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर सगळं मागे घेतलं असतं. मला तो हवा होता, करुणा. हे तुला तरी कळू दे.

टेबलावर मिलच्या मशीनमधून काढलेल्या त्या दोन स्टिक पडल्या होत्या. मिलमध्ये मी एका पाकिटातली नवी जोडी बसवली होती, त्याच खोलीत दुपारभर तपासून, दर थोड्या वेळाने पाणी पीत. मिलिंदने त्यातली एक उचलून विचारलं, "या खराब आहेत काय?"

"नाही. दोन्ही चांगल्या आहेत. एका मशीनमध्ये नाही चालत, एवढंच."

तो स्टिककडे बघत राहिला. गणित शिकवणारा माणूस, त्याला आणखी सांगावं लागलं नाही. मग म्हणाला, "मंग एक मले दे. शाळेत एक मशीन आहे, लय हळू चालते. पोरं कटाळून जातात." मी त्याच्याकडून त्या मशीनच्या बोर्डाचा फोटो मागवून घेतला, आतली जुनी स्टिक काढून ही एकटीच लावायची असं बजावलं, खोलीत पंखा आहे का विचारलं. तू विचारलं असतंस ते सगळं. खोडरबरने दात घासून ती चंदेरी पिशवीत घालून दिली. ठिपका कोणताच दिला नाही. तो दुपारच्या बसने अहेरीला गेला. मी स्टँडवर सोडायला गेले नाही, शटरमध्ये उभी राहून बस वळेपर्यंत बघितली.

दुसरी स्टिक मी आपल्या दुकानातल्या जुन्या मशीनमध्ये लावली आहे. हे सगळं त्याच्यावरच लिहितेय. तुझी बाटली शेजारी आहे. रोज सकाळी भरते आणि संध्याकाळपर्यंत मीच संपवते, कारण भरलेली बघवत नाही.

काल मिलिंदचा मेसेज आला. फक्त एवढंच लिहिलं होतं, "मशीन चालून राह्यलं. एकदाबी अडकलं नाई."

इथलंही चालतंय, करुणा. अजून एकदाही अडकलं नाही.